चुकीला पेढा

माझी थोरली बहीण इरावती नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत अकरावीच्या पोरांना गणित शिकवते. शिकवायची, असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. तिने लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मीही तिच्याकडेच आले. स्वयंपाक माझा, फळा तिचा.

तिची एक खोड होती. रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची, आणि पकडेल त्याला पेढा. पोरं डोळ्यांत तेल घालून बसायची. समांतर रेषेचा चढ तोच ठेवायचा, लंबरेषेचा उलटा करून चिन्ह बदलायचं, हे तिने पेढ्यांवर शिकवलं. उणे चिन्ह ती हमखास खायची आणि पोरं ओरडायची, "बाई, पेढा!"

दिवाळीनंतर पेढ्यांचा डबा भराभर संपायला लागला. मी कावले. "किती लाड करशील गो त्यांचे?" ती नुसती हसायची. मला वाटलं, वयाने हात सैल झालाय.

मग एकदा मी कोपऱ्यात भाजी निवडत होते. ताईने y = 2x + 3 ला लंब असलेली, (4, 1) मधून जाणारी रेषा काढायला घेतली. चढ घेतला दोनच. उत्तर लिहिलं, y = 2x − 7. श्रेयाने हात वर केला. "बाई, पेढा. ही तर समांतर झाली."

ताई फळ्याकडे बघत राहिली. "कुठे चुकलं?" ती पोरीची परीक्षा घेत नव्हती, खरंच विचारत होती. श्रेयाने उठून बोट ठेवून दाखवलं, तरी तिला दिसेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

परळच्या डॉक्टरांनी तपासून तिच्या आजाराचं नाव सांगितलं. मी ते घरात काढत नाही. ते म्हणाले, "जमेल तोवर शिकवू द्या. तेच त्यांना धरून ठेवील."

पोरांनी आपसांत काय ठरवलं कोण जाणे. त्या दिवसापासून एकही हात वर झाला नाही. खरं गणित पोरं दुसऱ्या क्लासला शिकत आणि संध्याकाळी आमच्याकडे शहाण्यासारखी बसत. फार भली पोरं. पेढ्यांना वास यायचा, मी गुपचूप फेकायचे.

काल ताईला घास जाईना. "मानसी, आज लंबरेषेचं उणे मी मुद्दाम खाल्लं. कोणी बोललं नाही. हल्ली कोणीच बोलत नाही. एवढं साधं त्यांना दिसत नाही, म्हणजे मलाच शिकवता येत नाही आता."

कपाळ माझं. मुद्दाम केलेली चूक कुठली आणि खरी कुठली, हे पोरांना तरी कसं कळावं?

आज सकाळी तिने फळा ओल्या फडक्याने पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवला. "सांग त्यांना, येऊ नका."

संध्याकाळी पोरं आली, तेव्हा मी दारातच उभी राहिले. श्रेयाने हळूच विचारलं, "मावशी, आमचं काही चुकलं का?"

मी पेढ्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.