गोरक्षच्या हॉलमधला उजवा स्पीकर

गोरक्ष शिरसाठ गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये भिंतीत आणि छतात स्पीकर बसवायचा. कुणी सोफ्याच्या थेट वर स्पीकर मागितला की तो हटकून वाद घालायचा. गाणं समोरून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यायला हवं, असं त्याचं ठाम मत.

पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट झाला, तेव्हा त्याने टीव्हीच्या दोन्ही बाजूंना जागा आखल्या. डावा स्पीकर झकास बसला. उजवीकडे ड्रिल आत गेलं आणि भिंतीतून पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. बिल्डरच्या नकाशात तिथे पाइपच नव्हता.

"कॉक बंद कर आधी!" तो ओरडला. बायको रोहिणी धावली.

प्लंबरने भिंत फोडून पाइप जोडला आणि बजावलं, "इथे आता खिळासुद्धा ठोकू नका." त्या जागेच्या पलीकडे लगेच स्वयंपाकघराची मोकळी कमान, म्हणजे भिंतच संपली. शेवटी उजवा स्पीकर छतात, सोफ्याच्या वर गेला.

लावून पाहिलं, तर पेटी समोर आणि तबला डोक्यावर. गोरक्षने आवाज कमी-जास्त केला, स्पीकरचं तोंड वळवलं. काही केल्या जमेना.

"मला तर छान ऐकू येतंय," रोहिणी म्हणाली.

"प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं!" तो चिडला.

दुसऱ्या दिवशी त्याने तो स्पीकर उतरवला. आता डावा एकटाच वाजतो. पाहुण्यांनी छतातल्या भोकाबद्दल विचारलं, की गोरक्ष अजून बिल्डरवर घसरतो.