रागवायची भाषा

माझी धाकटी बहीण चालायला लागली, पळायला लागली, तरी बोलेना. हुलसूरच्या आमच्या गल्लीत त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण मीही फार बोलत नसे. "थोरलीवर गेलीय," म्हणून लोक हसायचे. मी बीदरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. घरी कुणी आलं की मान हलवून उत्तर द्यायचं आणि पुस्तकात तोंड खुपसायचं, एवढंच मला जमे. पण एकदा बहिणीच्या मागे पितळी परात पडली, मी दचकले आणि ती वळलीसुद्धा नाही. ते मी आईला सांगितलं.

दूरच्या शहरातल्या एका सरकारी संस्थेत आम्ही तिघी गेलो. तिथे बोलण्या-ऐकण्यावर संशोधन चाले. एका खोलीत माणूस बोलला की पडद्यावर हिरवी रेघ थरथरायची. यंत्राला माणसाचं बोलणं ओळखता यावं म्हणून तिथली मंडळी धडपडत होती. दुसऱ्या खोलीत एका बाईंनी बहिणीला तपासलं आणि कानाचं यंत्र बसवलं. छातीवर एक डबी, तिच्यातून कानात गेलेली वायर. यंत्र तिथेच तयार झालेलं, चाचणीसाठी फुकट दिलेलं. मात्र पुढच्या खेपेपर्यंत काही फरक पडला नाही, तर ते दुसऱ्या मुलाला जाणार होतं.

"नुसत्या यंत्रानं बोलणं येत नाही," बाई कन्नडमध्ये म्हणाल्या. "आवाजाचा अर्थ तुम्ही शिकवायचा. आणि एकाच भाषेत."

आमच्याकडे तर उलटंच चाललं होतं. पोरीला कळत नाही म्हणून जो तो तिला सगळं तीनदा सांगे. आई 'ये' म्हणायची, शेजारच्या अव्वा 'बा', कोपऱ्यावरचे शिलाईवाले चाचा 'आओ'. एकातलं नाही तर दुसऱ्यातलं कळेल, असं सगळ्यांना मायेपोटी वाटे.

बाई हसल्या. पलीकडच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्या एवढ्या मोठ्या यंत्राला अजून एक भाषा धड ओळखता येत नाही. हिच्यावर तीन कशाला लादता?"

मग कोणती शिकवायची? गावातली शाळा कन्नड, गल्ली निम्मी कन्नड, घर मराठी. इतका वेळ बाईंशी सराईत कन्नड बोलणारी आई गोंधळून माझ्याकडे वळली. "एवढी शिकलीस आन् गप कामून बसलीस? मूग गिळलीस का? बोल की गं!"

बाईंना शब्द कळले नसावेत, सूर कळला. "ही कोणती? मराठी ना? मग हीच शिकवा," त्या म्हणाल्या. "रागावताना येते ती भाषा आठवावी लागत नाही. दिवसभर बोलायची म्हणजे तीच हवी."

परकर-पोलक्याला खिसा नसतो. चाचांनी डबीसाठी छातीवर खिसा शिवला. नव्या कापडाची खरखर यंत्रात शिरते हे कळल्यावर त्यांनी तो उसवला आणि जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा शिवून दिला. त्यांनी बहिणीशी मराठी सुरू केली तेव्हा अव्वा ओट्यावरून ओरडल्या, "चाचा, तुमची मराठी ऐकून पोरगी यंत्र फेकून देईल."

"तुमच्यापरीस बरी हाय, अव्वा. तुमी तर भाकरी बी भांडायल्यासारखी मागताव."

आईला घरकाम होतं, माझी परीक्षा संपली होती. त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं. हातात असेल ते करत बोलायचं, असं बाईंनी सांगितलेलं. मी ओट्यावर बसून मोठ्यानं बोलायची. "आपण तूर निवडायलोय. हा बघ खडा. फेक खडा." बहीण खडा फेकायची, माझ्या ओठांकडे टक लावून बघायची, पण तिच्या तोंडून काही येत नसे.

"थोरलीला बी यंत्र बसवलं काय गं?" अव्वा आईला विचारायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण अव्वाच दुपारी येऊन माझ्या जागी बसायच्या आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत तिला तेच खडे दाखवायच्या.

पुढच्या खेपेला जाताना आई गाडीत सारखी त्या डबीवर हात ठेवत होती. संस्थेत बाईंनी मला विचारलं, "काय, फरक वाटतो?" त्या दिवशी खोलीत आणखी दोन अनोळखी माणसं होती. सांगण्यासारखं बरंच होतं. परात वाजली की ती आता वळायची, चाचांच्या मशीनचा आवाज आला की पळत जायची. पण मी नेहमीसारखी नुसती मान हलवली.

बहिणीनं माझ्या ओठांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. तिनं माझी ओढणी ओढली आणि आईचाच सूर लावून म्हणाली, "बो'की गं!"

'ल' कुठेतरी राहून गेला होता. आईनं पदर तोंडाला लावला. बाईंनी डबी काढून तिची वायर तपासली आणि डबी पुन्हा बहिणीच्याच खिशात सरकवली.

त्या यंत्रामागे कुणाकुणाचा पैसा आणि किती जणांची मेहनत होती, मला माहीत नाही. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही. आभार तरी कुणाचे आणि कसे मानायचे, असं मनात येतं, तेव्हा ती ओढलेली ओढणी आणि ते "बो'की गं" आठवतं.

त्या दिवशी मात्र मी बोलले. परातीपासून सुरुवात केली.