सरूबाईनं झाकलेलं ऑपरेशन

महाळुंगे पडवळच्या सरूबाईचं तोंड मोठं फटकळ. कांद्याच्या लागणीला येणाऱ्या बाया तिला वचकून असायच्या, पण तिच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. तिनं आयुष्यात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि तेही लेकीच्या भल्यासाठी म्हणून.

स्नेहल एकवीस वर्षांची असताना तिच्या गर्भाशयात मोसंबीएवढी गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पिशवीवर खोल टाके आहेत. पुढं दिवस राहिले की हा कागद आधी दाखवा. कळा सुरू व्हायच्या आतच सिझर करावं लागेल."

सरूबाईनं मान डोलावली. पण दोन वर्षांनी पारगावच्या रविंद्रचं स्थळ आलं. पिशवीचं ऑपरेशन म्हटल्यावर पोरगी कोण करून घेणार? तिनं लेकीला अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगायला लावलं. स्नेहल नको म्हणत होती, पण आईपुढं तिचं काही चाललं नाही.

लग्न झालं आणि वर्षभरात दिवस राहिले. तपासणीला सासू बरोबर असायची, त्यामुळं कार्डावरही अपेंडिक्सच लिहिलं गेलं. सातव्या महिन्यात स्नेहल माहेरी आली आणि डॉक्टरांना आता तरी खरं सांगू म्हणून दोनदा आईच्या मागं लागली.

"सगळे रिपोर्ट चांगले हायेत. आता कशाला उकरून काढायचं?" सरूबाई म्हणाली.

नववा सरत आला आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. गाडी मंचरला निघाली. वाटेत स्नेहल एकदम किंचाळली आणि मग कळाच थांबल्या. ती पांढरीफटक पडली. दवाखान्याच्या दारात सरूबाईच्या तोंडून शेवटी निघालं, "बाई, तिच्या पिशवीचं ऑपरेशन झालंय. अपेंडिक्सचं न्हाई."

जुन्या टाक्यांवर गर्भाशय फाटलं होतं. स्नेहल वाचली. बाळ गेलं. मुलगा होता. हे आधी कळलं असतं तर कळांची वाट पाहिलीच नसती, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. निरोप मिळून पारगावहून आलेला रविंद्र बाहेर जाऊन उभा राहिला. सरूबाईनं त्याच्यामागं जाऊन सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मामी, मला सांगितलं असतं तर मी काय तिला टाकून दिली असती?"



अडीच वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या खेपेला पहिल्याच तपासणीत सगळं उघड सांगितलं. वरचेवर सोनोग्राफी, टाक्यांच्या जागेवर बारीक लक्ष. पोटात जरा दुखलं की रविंद्र गाडी काढायचा. शेवटी डॉक्टरांनी तिला महिनाभर दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि कळा यायच्या आत सिझर केलं. मुलगी झाली.

स्नेहल बाळंतपणाला माहेरी आली नाही. डिंकाचे लाडू घेऊन सरूबाईच पारगावला गेली. नात मांडीवर होती, तेव्हा तिनं लेकीची माफी मागितली.

स्नेहलनं पोरीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तोंड तर मलाबी व्हतं, आई. मीच न्हाई बोलले."

लेकीनं चार शिव्या दिल्या असत्या तर सरूबाईनं निमूट ऐकून घेतल्या असत्या. हे तिला सोसवेना. आठ दिवस राहायचं म्हणून आलेली ती दुपारच्याच एस.टी.नं परत निघाली.