कालच्यापेक्षा बरा

"कशापेक्षा?" असं विचारून मास्तर तर्जनी वर करत. 'आज उकाडा कमी आहे' म्हणा, 'आंबा गोड निघाला' म्हणा, तर्जनी वर. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. आमचे मास्तर ठाण्याला शाळेत इंग्रजी शिकवत. गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगाने, शाळा बंद पडली, आणि कल्याणला खाडीकाठी रोग्यांसाठी कारवीच्या झोपड्या उभ्या राहिल्या, तिथे ते दुभाषी म्हणून आले. मी त्या छावणीच्या फाटकावर कारकून होतो. आज ते कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

गोरा डॉक्टर सकाळी खाटांमधून फिरे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बोलायला सवड नसे. प्रत्येक खाटेपाशी एकच शब्द: 'बेटर', 'वर्स' नाहीतर 'सेम'. मास्तर ते शब्द घेऊन कुंपणाशी येत. आत कोणाला सोडत नसत, त्यामुळे पलीकडे उभ्या असलेल्या माणसांचा सगळा जीव मास्तरांच्या तोंडाकडे लागलेला असे. थोड्याच दिवसांत 'बेटर' हा शब्द कल्याणच्या बाजारात मराठी होऊन बसला. "भाव जरा बेटर करा, शेट," अशी घासाघीस मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

मास्तर मात्र त्या शब्दाला भिऊन असत. डॉक्टरचा 'बेटर' कालच्या दिवसाशी ताडून पाहिलेला असे, आणि ऐकणारी माणसं त्याच्या जोरावर उद्याचे बेत करत. सुरुवातीला मिठागरावरच्या एका बाईला त्यांनी 'मुलगा बरा आहे' म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याला न्यायला बैलगाडी घेऊन आली. गाडीत पेंढा पसरून वर गोधडी घातली होती. मुलगा रात्रीच गेला होता.

तेव्हापासून ते सांगत, "कालच्यापेक्षा बरा. बरा झाला असं नव्हे." आणि लोकांना नेमकं तेच नको असे.

"मास्तर, नुसता बरा हाय म्हना ना," एक म्हातारा हात जोडून म्हणाला. "रातची झोप तरी लागंल."

"काल ताप फार होता, आज थोडा कमी आहे. एवढंच मला ठाऊक आहे, बाबा."

"सांगावं हो एखादं खोटं," मी त्यांना नंतर म्हटलं. "काय बिघडतं?"

"आणि त्या भरवशावर त्याने गाडी जुंपली म्हणजे?"



मग मास्तरांच्याच बायकोच्या काखेत गाठ आली. डॉक्टरने त्यांना रजा घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतली नाही, कारण रजा घेतली की तेही कुंपणाबाहेर. दुभाषी म्हणून सकाळी एकदा तरी तिच्या खाटेपाशी उभं राहता येई.

त्या दिवसांत मी वेगळेच मास्तर पाहिले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला तरी हे तिथेच. "बेटर, सर?" असं स्वतःच विचारत, अडलेल्या मुलाच्या तोंडात उत्तर घालावं तसं. एकदा डॉक्टर नुसती मान हलवून पुढे गेला, तर तेवढ्यावर हे धावत माझ्याकडे आले.

"आज तिने पाणी मागितलं. काल मागितलं नव्हतं. हे चांगलंच ना हो?"

मी हो म्हटलं. त्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही म्हणवत नव्हतं. मला त्यांची कणव आली आणि रागही आला. कोणाचा, ते अजून सांगता येत नाही.

त्यांच्या सासूबाई रोज सकाळी तांब्यात पेज घेऊन कुंपणाशी येत. जुन्या वळणाची बाई. जावयाशी उभ्या जन्मात समोरासमोर बोललेली नाही. दोघं हातभर अंतरावर उभी असत आणि ती मला सांगे, "त्यांना विचारा, आमची कशी आहे?" मास्तरही मलाच सांगत, "त्यांना म्हणावं, कालच्यासारखीच." मध्ये मी आपला टपालासारखा.

एका सकाळी मी फाटक उघडतो तोच आतल्या माणसाने सांगितलं, मास्तरांची बायको पहाटे गेली. मास्तर आत जाऊन आले. कुंपणाशी उभे राहून त्यांनी एकेकाची खबर नेहमीसारखी नीट सांगितली. सासूबाई शेवटी उरल्या.

"त्यांना विचारा," तिने मला म्हणायला सुरुवात केली.

"बरी आहे," मास्तर थेट तिलाच म्हणाले.

नुसतं बरी आहे. मागेपुढे काही नाही. बाईला इतका आनंद झाला की तीही रीत विसरली. "मग ही पेज द्या तिला, कोमट आहे तोवर," असं म्हणून तिने तांब्या त्यांच्या हातात दिला.

मास्तर तो घेऊन आत गेले. बऱ्याच वेळाने परत आले आणि रिकामा तांब्या त्यांनी तिच्या हातात दिला.

"सगळी घेतली तिने?"

"घेतली."

प्रेत समोर असताना अन्नाला शिवू नये, हे मास्तरांना कोणी सांगायची गरज नव्हती. ओतून द्यायचीच तर खाडी जवळ होती. पण त्यांच्या मिशीला भाताचं शीत चिकटलेलं होतं. म्हातारीने ते पाहिलं.  मग तांब्या खाली ठेवून तिने कुंपणातून हात घातला आणि पदराच्या टोकाने ते शीत पुसून काढलं.