साल्वादोरला राहिलेलं दावं

सुपडूआबांनी कधी चहा संपवला नाही. आमच्या पारोळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी कारकून आणि ते शिपाई. अकराच्या सुमारास समोरच्या टपरीवरून दोन कप यायचे. आबा बाकाच्या अगदी टोकाला टेकायचे, दोन घोट घ्यायचे आणि उठायचेच. “बसा भाऊसाहेब, गाठ दखीसन येस.” बाहेर कडुनिंबाखाली बांधलेल्या प्रत्येक जनावरापाशी जाऊन ते दाव्याची गाठ चाचपायचे, गळ्याशी दोन बोटं घालून पाहायचे. परत येईतो चहावर साय धरलेली असायची आणि तो कडुनिंबाच्या बुंध्याशी जायचा.

“आबा, तुमच्यापेक्षा त्या झाडाने जास्त चहा प्यायलाय,” मी म्हणायचो. ते हसायचे, पण हसतानाही त्यांची नजर दाराबाहेरच असायची. एका जागी बसलेला हा माणूस मी पाहिलाच नाही. माझाही जीव मग उगाच वरखाली व्हायचा आणि बेरजा चुकायच्या.

पण हाच माणूस ब्राझीलला जाऊन आला होता, हे मला कळलं तेव्हा मी त्यांचा पिच्छाच घेतला. मी स्वतः आयुष्यात चाळीसगावला गाडी बदलून नाशिकपर्यंत गेलेलो. टेबलामागच्या भिंतीवर मी जगाचा एक जुना नकाशा लावला होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर बोट फिरवत बसायचो. त्या नकाशात, पार पलीकडच्या समुद्राकाठी, साल्वादोर नावाच्या ठिपक्याशी मी पेन्सिलीने फुली केली. आमच्या दवाखान्यातला एक माणूस तिथे उभा राहिलेला होता!

एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्याकडचे जातिवंत वळू तिकडे बोटीने जात. आबांच्या घरी कबऱ्या नावाचा एक गीर वळू होता. त्याची आई लवकर मेली म्हणून आबांच्या बायकोने, सरूअक्कांनी, त्याला हाताने दूध पाजून वाढवलेला. भावनगरकडच्या एका व्यापाऱ्याने तो पाहिला आणि मागितला. व्यवहार ठरला, पण कबऱ्या परक्याच्या हातची काडी तोंडात घेईना. शेवटी व्यापारी म्हणाला, “तुम्हीच चला बरोबर, तिथे पोचवून या.” अशा रीतीने, ज्यांनी तोवर धुळ्याच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं ते आबा समुद्र ओलांडून गेले.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं विकत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं, देणाऱ्याने आपलं सोडून घरी न्यायचं आणि रिकाम्या खुंट्याला बांधायचं. म्हणजे गोठ्याची बरकत गोठ्यात राहते. कबऱ्याचं दावं अक्कांनी स्वतः अंबाडीच्या वाखाचं वळलं होतं. निघताना त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट बजावली होती, दावं आणायचं.

आणि नेमकं तेच राहिलं. साल्वादोरच्या बंदरावर माल उतरवणाऱ्या यारीचा खडखडाट, भेदरलेली जनावरं, आरडाओरडा. आबा कबऱ्याचं कपाळ कुरवाळत त्याला शांत करत होते. शांत होताच लोकांनी त्याला लॉरीत चढवलं, फळी लावली आणि लॉरी गेली सुद्धा. आबांच्या हाताला रिकामी हवा लागली तेव्हा त्यांना दावं आठवलं.

दुसऱ्या दिवशी बोटीवरच्या सगळ्यांना सुट्टी होती. “बाकी बठ्ठा गाव दखाले गयात,” आबा सांगायचे, “मी दावं शोधाले निंघनू.”

त्या दिवसाची गोष्ट मी किती वेळा काढून घेतली असेल, त्याला गणती नाही. आबांना तिथली भाषा येत नव्हती. ते रस्त्यात माणूस थांबवायचे, डोक्यावर दोन बोटांची शिंगं करायचे, मानेमागे मूठ ठेवून वशिंड दाखवायचे आणि हंबरायचे. लोक हसायचे, आपापसांत बोलायचे आणि हाताला धरून कुठेतरी न्यायचे. आबांनी जे साल्वादोर पाहिलं ते असं, एकेका चुकीच्या पत्त्यावर.

“त्या गावना दोन मजला शेतस, भाऊसाहेब. खाले बंदर, वर गाव. वर जावाले पाळणा शे, बठ्ठासले घीसन वर जास.”

“मग वरून समुद्र कसा दिसला?”

“माले काय म्हाईत! मी त ढोरेसनी गाडी दखी ऱ्हायनू व्हतू.”

मी कपाळाला हात लावायचो. पहिल्या माणसाने त्यांना खाटकाच्या दुकानात नेलं. तिथे टांगलेलं मांस पाहून आबा तडक मागच्या अंगाला गेले. त्यांनी दुकानामागच्या एकेक कातड्याचा रंग न्याहाळला, कबरं एकही नव्हतं, तेव्हा कुठे श्वास घेतला. बाहेर पायरीशी पांढरं नेसलेली, डोक्याला फडकं बांधलेली एक काळी बाई कढई मांडून बसली होती. तिने यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता हातात गरम वडा ठेवला. “चवळीना वडा शे, भाऊसाहेब! आपलासारखाच. तेल मातर लाल.” आबांनी अर्धा खाल्ला आणि उठले, हे वेगळं सांगायला नकोच.

मग एका म्हाताऱ्याने त्यांचं हंबरणं नीट ऐकून घेतलं आणि त्यांना थेट एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेलं. आत छतापासून खांबांपर्यंत सगळं सोन्याने मढवलेलं. कोपऱ्यात गव्हाणीतल्या बाळाची मूर्ती आणि बाळाजवळ मातीचा बैल. म्हाताऱ्याने मोठ्या अभिमानाने बैलाकडे बोट दाखवलं. आबांनी हात जोडले.

“देव चांगला व्हता,” ते मला म्हणाले, “पन बैलले वशिंडच नव्हतं!”

सोन्याच्या देवळातून हा माणूस एवढंच पाहून आला, याचा मला खरंच राग यायचा. माझ्या वाट्याला तो दिवस आला असता तर मी एकेक दगड पाहिला असता. गोष्टीचा शेवट मात्र नेहमी एकच. “सांजले एक लॉरीवाला माले गावबाहेर कोंडवाडावर लई गया. फाटक बंद व्हयेल व्हतं. दावं नही भेटनं.” एवढं बोलून ते गाठी पाहायला उठायचे.

परत आले तेव्हा अक्कांनी दारातच विचारलं, “दावं कोठे शे?” आबांनी फाटकाचं सांगितलं. अक्का भांडल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी वाखाला हात लावला नाही, घरात दावी बाजारची येऊ लागली. पुढे बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला आणि त्यांचा गोठा रिकामा झाला. गावात सगळ्यांचेच झाले, पण अक्कांना कारण माहीत होतं. मला एकदा म्हणाल्या, “ढोरं त बठ्ठासना घरथीन गयात. आमना घरथीन दावंच गयं ना, भाऊसाहेब.” आबा ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं. ते उठले आणि त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन आले.

नोकरी संपल्यावर आबांना दम्याने धरलं. मी सायकलवरून भेटायला गेलो तेव्हा ते बाजेवर होते, पण बोटं स्वस्थ नव्हती. बाजेच्या सुंभाची एकेक गाठ चाचपत होती. त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हणालो, “आबा, साल्वादोरचा तो वडा सांगा ना.”

“फाटक बंद नव्हतं,” आबा म्हणाले.

मला काही कळेना. अक्का दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या.

“उघडं व्हतं. कबऱ्या सामनेच बांधेल व्हता. मना वास उना नि त्यानी मान मना खांदवर टाकी दिन्ही.” आबा थांबून थांबून बोलत होते. “मी गाठले हात लावा. मंग मनमा उनं, त्याना आंगवर आपला घरनी एकच चीज शे. पानी नवं, चारा नवा, मानसं नवी. ते बी सोडी लऊ? नही सोडाई गयं मनाघाई.” मग दाराकडे पाहून म्हणाले, “तू वळेल व्हतं. तुले कसं सांगतू?”

अक्कांनी कप खाली ठेवले आणि त्या बाहेर गेल्या. मी स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या. मरणाच्या दारातल्या माणसाच्या घरात मी एका वड्यापायी आग लावली होती. दहा वर्षं मी या माणसाला ‘काय पाहिलंत’ एवढंच विचारत आलो आणि तो दहा वर्षं तेवढं एक सोडून सगळं सांगत आला. मला माझीच लाज वाटली.

बऱ्याच वेळाने अक्का आल्या. हातात वाखाची जुडी होती.

“गळाले काचत त नव्हतं ना?”

“दोन बोटं जातीन इतलं ढिलं करीसन उनू,” आबा म्हणाले.

अक्का उंबऱ्यापाशी पाय पसरून बसल्या, वाखाचा पेड पायाच्या अंगठ्याला अडकवला आणि वळायला लागल्या.  मी निघायला उठलो तर आबा म्हणाले, “बसा भाऊसाहेब. चहा पेवानी शे.” आणि त्यांनी तो कप तळापर्यंत प्यायला.

महिन्याभरात आबा गेले. दहाव्याला मी गेलो, तेव्हा गोठ्यातल्या खुंट्याला नवं दावं बांधलेलं होतं. मी अक्कांना विचारलं, “जनावर घेतलंत का?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पाहुण्यांकडे वळल्या.  मी वाकून त्या दाव्याच्या फासात दोन बोटं घालून पाहिली. जात होती.