हौदवालीनं तेच सांगितलं

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात बाइंडिंगचं काम करणाऱ्या बाईंना सगळे खळमावशी म्हणत. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकटवायची पेज. ती त्यांच्या नखांत, बांगड्यांत, चष्म्याच्या दांडीवर कायम वाळलेली असायची. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "खळीशी लागलंय, ती सोडत नाही." घरी आई आणि त्या, दोघीच. मी तिथं ग्रंथपाल होतो, वयानं त्यांच्याहून लहान. अकरा वर्षं त्यांच्याबरोबर एका टेबलावर काम करूनही त्या हे काम नेमक्या कशासाठी करताहेत याचा मला पत्ता लागला नाही.

काम होतं सांगत्यांची कागदपत्रं गोळा करण्याचं.

सांगते हा एक छोटा पंथ होता. सगळी मिळून पन्नास-साठ माणसं: गवंडी, शिंपी, धोबी, एखादी नर्स. देव आहे की नाही यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. आठवड्यातून एकदा भर दुपारी ते एका हॉलमध्ये जमायचे, खिडक्यांवर जाड पडदे ओढायचे, आणि त्या काळोखात एकेकानं आपण आठवडाभरात काय वाईट केलं ते मोठ्यानं सांगायचं. शेजारच्या खोलीत लेखनिक बसायचा. मधल्या भिंतीला कानाच्या उंचीवर एक भोक होतं. त्यातून येणारा आवाज तो वहीत उतरवायचा, कुणाचंही नाव न घालता. नियम एकच होता: आत सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही.

बाहेरच्यांना दिसायचे ते फक्त ओढलेले पडदे. मग काय, जितकी तोंडं तितक्या गोष्टी. लोक त्यांना अंधारे म्हणू लागले. आत नागडे नाचतात म्हणे, आत पोरं कापतात म्हणे. असंच चाललं असताना, छप्पन्न वर्षांपूर्वी, हॉलमागच्या गल्लीतल्या हौदात तीन वर्षांचा एक मुलगा मेलेला सापडला. हौदाची भिंत दुरुस्त करायला त्या दिवशी सांगत्यांपैकीच एक मिस्त्री आला होता. मुलाच्या आईनं सांगितलं की त्या मिस्त्रीला पोराला उचलून नेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी जमावानं हॉल फोडला. मिस्त्रीला दहा वर्षांची शिक्षा झाली.

तो मुलगा म्हणजे खळमावशींचा भाऊ. त्यांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी गेलेला. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी हे काम स्वतःहून मागून घेतलं तेव्हा मी चाटच पडलो. म्हटलं, केवढं मोठं मन या बाईचं.

मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्यांना पुरावा हवा होता. या लोकांना सगळं लिहून ठेवायची खोड आहे ना, मग माझ्या भावाचं काय केलं तेही कुठंतरी लिहिलं असेल, असा त्यांचा हिशेब. तो एक कागद हाती लागावा म्हणून त्या बाकीचे सगळे कागद जमवत होत्या. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

आणि जमवले तरी किती! हॉल फुटला तेव्हा वह्या रस्त्यावर भिरकावल्या गेल्या होत्या. त्यातल्या काही रद्दीत गेल्या, काही माळ्यांवर पडून राहिल्या. एका सुतारानं पानांवर खुर्च्यांचे नमुने काढले होते. एका घरातल्या ट्रंकेला आतून अस्तर म्हणून सात पानं डकवलेली होती. मावशींनी ती ट्रंक हातगाडीवर घालून आणली आणि दोन दिवस किटलीच्या वाफेवर धरून पानं सोडवली. कीड लागू नये म्हणून एरवी खळीत मोरचूद घालतात, पण त्यानं जुना कागद करपतो. म्हणून या वह्यांसाठी रोज ताजी साधी खळ लागायची. ती त्यांची आई सकाळी उठून शिजवायची आणि डब्यात भरून द्यायची.

हे कागद देताना उरलेल्या सांगत्यांनी अट घातली होती की आमच्यातलं कुणी जिवंत आहे तोवर वह्या वाचकांना द्यायच्या नाहीत, दुरुस्ती करणाऱ्यानंच हाताळायच्या. त्यामुळे मी झाकण लावलेले खोके बघायचो आणि मावशी वाचायच्या. अधूनमधून, नियम थोडा वाकवून, त्या मला एखादी ओळ ऐकवायच्या. "शेजाऱ्याच्या सायकलची हवा सोडली. कारण काही नाही." "सासूबाई पडल्या तेव्हा आधी हसले, मग उठवलं." पोरं कापणाऱ्यांच्या वहीत हे असलं निघायचं. मावशी पान उलटायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, निघेल. खरं निघेल."

पहिला धक्का त्यांना पोलिसांच्या गोदामात बसला. जुना मुद्देमाल नष्ट करायचा होता, त्यातून हॉलचा पडदा आम्हाला मिळाला. त्यावर चिठ्ठी होती: रक्ताचे डाग असलेला पडदा. खटल्यात तो दाखवला गेला होता. मावशींनी डागावर ओला कापूस फिरवला, नाकाशी नेला, उजेडात धरला. डाग सगळे वरच्या बाजूला, सारख्या अंतरावर होते. जिथं लोखंडी कड्या अडकवतात तिथं. "गंज आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही काम केलं नाही.

उरलेल्या सांगत्यांत शेवटी एकच राहिली, एक म्हातारी नर्स. तिनं जवळपास सगळं दिलं होतं, पण हॉल फुटल्यानंतरच्या वह्या दिल्या नव्हत्या. हॉल गेल्यावर दहा-पंधरा जण तिच्याच घरी मागच्या खोलीत जमत, आणि लेखनिक तीच होती. मावशी दरवर्षी मागायच्या, ती दरवर्षी टाळायची. अकराव्या वर्षी तिनं निरोप धाडला. मी बरोबर गेलो. कॉटखालून एक पत्र्याची पेटी ओढून काढायला तिनं मला लावलं आणि मावशींना म्हणाली, "तुझ्या हाती द्याव्यात की जाळाव्यात, हे मला इतकी वर्षं ठरवता येत नव्हतं. जाळवत नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर असताना तळघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी खाली धावलो. खळीचं भांडं जमिनीवर पालथं पडलं होतं आणि मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहरा कागदासारखा. त्यांनी वहीकडे बोट केलं. नियमाची आठवण मला झाली नाही. मी वाचलं.

"सांगणारे चौदा. एक बाई नवी. म्हणाली, माझं पोर हौदात पडलं तेव्हा मी झोपले होते. मागच्या दाराची कडी लावली नव्हती. नवरा घराबाहेर काढेल म्हणून मी मिस्त्रीचं नाव घेतलं. मी काही पाहिलेलं नाही. त्यानं माझ्या पोराला हातसुद्धा लावलेला नाही."

मी दोनदा वाचलं. अक्षर तेच राहिलं.

मावशींनी पुढचं पान उलटलं. आठ दिवसांनंतरची नोंद होती, आणि तिच्यात पुन्हा तीच बाई, तेच शब्द. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. काही महिन्यांनी लेखनिकेनं पूर्ण लिहिणं सोडून दिलं होतं. नुसतं लिहिलं होतं: "हौदवालीनं तेच सांगितलं." आम्ही एकेक वही उघडत गेलो. हौदवालीनं तेच सांगितलं. हौदवालीनं तेच सांगितलं. दहा वर्षं, एक आठवडा न चुकता. मिस्त्री सुटला त्या आठवड्यापासून ती ओळ बंद.

मावशी म्हणाल्या, "आई दर आठवड्याला शिवणाच्या क्लासला जायची. मला शेजारी ठेवून. आणि तिला साधं बटण लावता येत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मावशी घरी गेल्या नाहीत. सरळ नर्सकडे गेल्या. मी मागोमाग. दार उघडताच त्यांनी विचारलं, "एक निरपराध माणूस दहा वर्षं तुरुंगात होता आणि तुमच्याकडे हे लिहिलेलं होतं?"

नर्सनं आधी आम्हाला बसायला सांगितलं. बसलं कुणीच नाही. मग तिनं सांगितलं की ती तुरुंगात जाऊन मिस्त्रीला भेटली होती. बाईचं नाव तिनं घेतलं नाही, एवढंच विचारलं, की वहीत तुझ्या सुटकेचा कागद आहे, नियम मोडू का?

"मग?" मावशी म्हणाल्या.

"तो म्हणाला, एकदा पान बाहेर गेलं की पुन्हा कुणी खरं सांगायला येणार नाही. राहू दे." नर्स पुढे म्हणाली, "मी त्याचं ऐकलं. त्याला घरी एक लहान मुलगी होती, हे ठाऊक असून ऐकलं. ते चूक केलं की बरोबर, मला अजून कळलेलं नाही. मी ते दर आठवड्याला सांगत आले, माझंही त्याच वह्यांत आहे."

जमावानं त्यांच्यावर अन्याय केला हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण या लोकांनी आपल्याच माणसाला नियमासाठी आत राहू दिलं, आणि त्यानं राहून घेतलं, हे ऐकून माझी मती गुंग झाली. कुणावर चिडायचं तेच कळेना. मिस्त्री तर केव्हाच वारला होता.

घरी काय झालं ते मावशींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आई ओट्यापाशी बसून पातेल्याच्या बुडाची खळ खरवडत होती. मावशींनी काही विचारण्याआधीच तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सापडलं?"

तिला ठाऊक होतं. लेक काय शोधतेय आणि तिला शेवटी काय सापडणार, हे ती अकरा वर्षं जाणून होती. तरी रोज पहाटे उठून खळ शिजवत होती. आपलंच पान नीट चिकटावं म्हणून.

"अडवलं का नाहीस मला?" मावशींनी विचारलं.

"मला तोंडानं सांगता येईना. म्हटलं, तू वाचशील."

"आणि मिस्त्री?"

आई म्हणाली, "त्या काळोखात सांगून आले की आठ दिवस जेवण जायचं. मग पुन्हा जाईना. म्हणून पुन्हा जायची. उजेडात सांगायला निघाले होते मी. दोनदा चौकीच्या पायरीपर्यंत गेले. तू पोटात होतीस, मग तू कडेवर होतीस." आणि मग म्हणाली, "तुझं निमित्त सांगत नाही. भ्याले मी."

पुढचे तीन महिने मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. ताटं वाढली जायची, उचलली जायची. मावशी बाजारातला डिंक आणून काम करू लागल्या. तो पिवळा पडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग एके दिवशी सकाळी म्हातारी स्वतः ग्रंथालयात आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत, एकटी. वाचनाच्या खोलीत वर्तमानपत्रं वाचणारी दहा-बारा माणसं होती. तिनं मला कागद घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, आत बसू या. ती म्हणाली, "नको. इथंच." आणि तिथं, सगळ्यांच्या देखत, तिनं मला सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, स्वतःच्या नावासकट. मी लिहीत गेलो. कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली तेवढाच आवाज झाला. मावशी तळघराच्या जिन्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हातारीनं सही केली आणि विचारलं, की याची एक प्रत न्यायालयात गेली पाहिजे, ती कोण नेईल? मावशी वर आल्या आणि त्यांनी कागद हातात घेतला.

न्यायालयानं प्रत जुन्या फाइलला जोडून घेतली. मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवायला वेगळा अर्ज लागतो म्हणाले, तो मावशींनी केला. त्यावर अजून तारखाच पडताहेत. गल्लीनं मात्र निकाल लगेच दिला. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी हॉल फोडला होता तेच म्हातारीला बघून दारं लावू लागले. मायलेकी आता बोलतात, पण कामापुरतं.

त्याच वर्षी नर्स वारली. कागद देणाऱ्या सांगत्यांपैकी आता कुणी उरलं नाही, आणि अटीप्रमाणे वह्या वाचकांसाठी खुल्या झाल्या. मिस्त्रीची मुलगी साठीला टेकलेली, एका शाळेत शिपाई होती. मावशी जबानीची प्रत घेऊन तिच्याकडे गेल्या. तिनं कागद वाचला, परत दिला, आणि आपल्या घरात हे ठेवायला जागा नाही असं सांगून दार लावलं. मावशी बराच वेळ तिथंच उभ्या होत्या म्हणे.

आठ-नऊ महिन्यांनी ती आपणहून आली. मला वाटलं, हौदाचं पान बघायला. तिनं त्याचं नावही काढलं नाही. तिनं विचारलं, "माझे वडील तुरुंगात जाण्याआधी हॉलमध्ये बोलायचे. ते काय बोलायचे?"

मावशींनी तिला समजावलं की वह्यांत कुणाचंच नाव नाही, त्यामुळे कुठलं बोलणं त्यांचं हे सांगता यायचं नाही.

"मी ओळखेन," ती म्हणाली.

आता ती शाळा सुटली की येते. मावशी तिच्यापुढे वही उघडून ठेवतात, पान कसं उलटायचं ते त्यांनी तिला शिकवलंय, आणि त्या पलीकडच्या खुर्चीत आपलं काम घेऊन बसतात. मिस्त्रीची मुलगी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचते: कुणी तरी कुणाच्या सायकलची हवा सोडली, कुणी तरी लेकराला उगाच मारलं. मध्येच बोट थांबतं. ती ती ओळ पुन्हा वाचते, मान हलवते, पुढे जाते. एकतीस वह्या आहेत. ती दुसरीत आहे.