मामांचं बिनवजनाचं वेबपेज

तिळाच्या तेलात मोहरी तडतडली, की मला आधी संगणक आठवतो, आणि मग संगणकासमोर बसून नाकाने स्वयंपाकघराचा अंदाज घेणारे आमचे चेन्नईचे घरमालक. जगातल्या यच्चयावत वस्तूंचं वजन नाहक जास्त आहे, अशी बालंबाल खात्री पटलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात सुटे भाग तोलून तपासण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती, आणि निवृत्तीच्या दिवशी तो तराजू बहुधा त्यांच्या तळहातात उतरून घरी आला होता. छत्री असो, नारळ असो, पाहुण्याची पिशवी असो, ते ती हातात घेत, डोळे मिटत आणि खेदाने म्हणत, "जास्ती आहे." मी मराठीची पदवी घेऊन तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला गेले आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागले, त्या दिवशी माझी ट्रंक त्यांनीच जिन्याने वर आणली. "अम्मा, ह्यांत काय आहे?" "कवितांची पुस्तकं." ते पायरीवर टेकले. "कविता एवढी जड कशास गं?"

हे कुटुंब तंजावरकडचं मराठी. त्यांची भाषा जुन्या तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी लागे. ओळखीची, तरी निराळ्या चवीची, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल घेऊन किंचित उसळणारी. आम्ही सगळे त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणत असू. आम्ही सगळे म्हणजे मी आणि महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले, कुणी संगणकाच्या तर कुणी मोटारींच्या कंपनीतले पाचसहा तरुण. रोज संध्याकाळी आम्ही मामींकडे जेवत होतो. त्या घराला मूलबाळ नव्हतं. दिवेलागणीला दारात जमणारा चपलांचा ढीग मामी खिडकीतून असा काही पाहत, की जणू तेवढ्यासाठीच दिवस उजाडला होता.

आज काय शिजणार, हे मुलांना कचेरीतच कळावं, म्हणून मामांनी वेबपेज करायचं ठरवलं. गल्लीतल्या क्लासमध्ये ते त्यासाठी लागणारी एचटीएमएल ही भाषा शिकले होते. पण रोज सगळं पेज नव्याने लिहिताना त्यांच्या कपाळाला घाम येई. त्या वेळी माझ्या कचेरीत मी एका चिमुकल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची, म्हणजे वेबपेजसाठी आयत्या मिळणाऱ्या आज्ञावलीची, पुस्तिका लिहीत होते. पेजचा आराखडा एकदाच करायचा, पदार्थाच्या नावासाठी त्यात जागा मोकळी सोडायची, आणि रोजची यादी लायब्ररीच्या हवाली करायची; यादीत जितके पदार्थ तितक्या ओळी ती आपण होऊन मांडते. मामांनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच, "वजन किती?" एकच लहानशी फाईल आहे, हे ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे इडलीपात्र! पात्र एकच, पीठ रोज नवें!" आणि पुढचे कित्येक दिवस, घरात नवं माणूस आल्यासारखे, ते त्या लायब्ररीच्या कौतुकात होते.

पेजच्या तळाशी एक ओळ कायमची हवी होती. ती मी मोठ्या हौसेने लिहून दिली: 'सांजवेळी आपल्या आगमनाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.' मामांनी ती मनातल्या मनात तळहातावर घेतली. "जास्ती आहे. उचलायास दोन माणसें लागतील." दुसऱ्या दिवशी तिथे 'आपण जेवायला यावे' होतं, तिसऱ्या दिवशी 'जेवायला या', आणि शेवटी उरलं नुसतं 'या'.

घोटाळा निराळाच झाला. मामा सकाळी कॉफीबरोबरच यादी भरून मोकळे होत, आणि मामींचा बेत ठरे भाजीवाली दारात आल्यावर. पेजवर पिठलं आणि पानात पडवळ! मुलं कुरकुरली. "अय्यो, तुमचा हा संगणकाचा डबा म्हणतो म्हणून मी चुलीशीं खोटें बोलूं?" मामी कडाडल्या. तेव्हापासून मामा भाजीवालीची वाट पाहत फाटकाशी उभे राहत, आणि तिच्या टोपलीत डोकावून धावत आत जात.

मग एका सकाळी मामी न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. त्या दिवशी यादी रिकामी राहिली, आणि रिकाम्या यादीपुढे ती गुणी लायब्ररी काहीच मांडत नाही. वर शीर्षक, खाली 'या', आणि मध्ये नुसता पांढरा उजेड. काही दिवस तसेच गेले. मुलं दुसरीकडे जेवू लागली. हात गळ्यात अडकवून मामी खिडकीशी बसत. "एकदां दुसऱ्या दाराची सवय झाली, कीं मुलें परतत नाहींत," त्या एका संध्याकाळी एवढंच म्हणाल्या. मामांचा तळहात मांडीवर उताणा पडला होता, पेलवत नाही असं काही त्यावर ठेवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत मी सवयीने पेज उघडलं. पांढऱ्या उजेडात ओळी उगवल्या होत्या: 'रस्सम. भात. करणार मामा. मिठाची खात्री नाही.' आणि खाली, 'या'.

संध्याकाळी सगळे आले. रस्समला मीठ नव्हतं आणि भाताला होतं, तेही दुप्पट. खुर्चीवरून मामी ओरडत होत्या, "कालवून खा रे, दोन्ही मिळून बरोबर होईल!" आणि मध्येच दारातला चपलांचा ढीग नजरेने मोजत होत्या. मनगट बरं होईपर्यंत आम्ही तसंच कालवून जेवलो. एकही मुलगा दुसऱ्या दारी गेला नाही.

आता मी पुष्कळ दूर राहते. ते पेज आता कुठे सापडत नाही. ते घरही पाडून तिथे इमारत झाली आहे, असं ऐकते. पण मोहरी तडतडली, की मी पुन्हा त्या संध्याकाळच्या जिन्यावर असते. सर्वांत आधी मीच कचेरीतून परतले होते. फाटकाकडे अजून कुणाचीच चाहूल नव्हती. जळक्या फोडणीचा वास पायऱ्यांवर दाटला होता, आणि खाली जावं की थांबावं, हे मला कळत नव्हतं. इतक्यात पळी हातात घेऊन मामा दारात आले. त्यांनी आधी फाटकाकडच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शर्टावर चिंचेचा डाग, कपाळावर घाम. आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं वजन उतरवत आलेला तो माणूस, त्याला पेलेल असा एकच शब्द म्हणाला, "ये."